गंजीकडं

वाडी, तीर्थपुरीजवळ
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय साक्षी,

फोनच करणार होते, पण हॉस्टेलातला आपला नियम आठवला. खुशाली फोनवर, मनातलं पत्रात. हे मनातलं आहे. शिवाय फोनवर मला आधी रडू येतं आणि तू लगेच वकिलीण होऊन "मुद्द्यावर ये" म्हणतेस.

मुद्दा असा की आमचे मामंजी बोलेनासे झालेत.

माझ्या लग्नात तू त्यांचा आवाज ऐकला आहेस. अक्षता टाकायला या म्हणून त्यांनी मांडवाच्या दारातून हाक दिली तेव्हा तुझ्या हातातला चहा सांडला होता. आमच्या वाडीत नळाला पाणी आलं, गुरांचा डॉक्टर आला, कुणाचं वासरू सुटलं, की मामंजी पारावर उभे राहून हाक देतात. देवळावर भोंगा बसला त्याला जमाना झाला, पण बाया घागर उचलतात त्या अजून त्यांच्या, म्हणजे काकासाहेबांच्या, "पाणी आलं होऽ" वरच. ती हाक आता बंद आहे.

परवाच्या उन्हाळ्यात शिवाजीभाऊंची कडब्याची गंजी जळाली. टळटळीत दुपार, वाडी झोपलेली. धूर पहिल्यांदा मामंजींनी पाहिला आणि हाक दिली. शेजारच्या वावरातला मच्छिंद्र ती ऐकून बादली घेऊन धावला. सगळ्यांच्या आधी तोच पोचला, म्हणून केसही त्याच्यावरच झाली. बांधावरून त्याचं आणि शिवाजीभाऊंचं वाकडं होतं, एवढं सगळ्यांना पुरलं. गेल्या महिन्यात मामंजींची साक्ष झाली. मी बरोबर होते. ते म्हणाले, "मच्छिंद्र गंजीकडं पळत गेल्ता. म्या सोता बघितलं." सरकारी वकिलांनी हातातला कागद पाहिला, चष्मा वर केला आणि न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, साक्षीदार फितूर झाला आहे."

फितूर गं! आमच्याकडं फितूर म्हणजे रात्री किल्ल्याचा दरवाजा उघडून देणारा. आम्ही एस.टी.तून उतरायच्या आधी तो शब्द वाडीत येऊन बसला होता. संध्याकाळी मामंजी पारावर गेले तर बसलेली माणसं एकेक करून उठली. दुसऱ्या दिवशी पाणी आलं, हाक नाही. मी विचारलं तर म्हणाले, "फितुराची हाक कोण ऐकन, बाई?" त्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द नाही.

तुम्ही सरकारी वकील असे कसे? आपलाच साक्षीदार, आणि त्याला आपणच फितूर म्हणायचं?

तुझी (आणि रागावलेली)
सुरेखा


जाफराबाद
१४ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुरेखा,

तुझं पत्र कोर्टाच्या पायरीवर बसून वाचलं. इथं सध्या कापसाच्या गाड्या जातात आणि दिवसभर हवेत कापूस तरंगतो. लिंबाच्या फांद्यांना, तारांना, माझ्या काळ्या कोटाला सगळीकडे पांढरं चिकटलेलं असतं. तुझं पत्र मिटलं तेव्हा घडीत थोडा कापूस अडकला. काढला नाही.

त्या शब्दाबद्दल सांगते. कोर्टात फितूर म्हणजे दगाबाज नव्हे. साक्षीदार पोलिसांच्या कागदापेक्षा वेगळं बोलला, तर त्याला उलटे प्रश्न विचारायची परवानगी सरकारी वकील न्यायाधीशांकडे मागतो. त्या परवानगीला हा जुना शब्द चिकटला. तो साक्षीदार खोटा ठरत नाही आणि त्याची साक्ष पुसलीही जात नाही. आम्ही हा शब्द इतक्यांदा उच्चारतो की तो घरी जाऊन काय करतो ते आम्हाला दिसतच नाही. तुझ्या पत्रात दिसलं, आणि वाईट वाटलं.

दुसरी गोष्ट. सरकारी वकील फिर्यादीचा नसतो आणि पोलिसांचाही नसतो. तो सरकारचा. हे मी परीक्षेत चांगलं लिहिलं होतं, पण सरकार म्हणजे कोण हे मला एका स्वप्नानं सांगितलं. जालन्याच्या एस.टी.त डुलकी लागली की हटकून पडतं. कोर्ट भरलंय, दारातला पट्टेवाला पुकारतो, "सरकार हाजिर होऽ" आणि कुणीच उठत नाही. मी बघते तर बाकांवर कंडक्टर बसलाय, कापूस वेचणाऱ्या बाया आहेत, आपल्या हॉस्टेलच्या रेक्टरबाई आहेत, पिंजऱ्यात आरोपी आहे. सगळे एकमेकांकडे बघतात. पट्टेवाला पुन्हा पुकारतो. तेवढ्यात बस आचका देते आणि मी जागी होते.

त्या वकिलांच्या हातातल्या कागदात नेमकं काय लिहिलं होतं? ते तू सांगितलंच नाहीस.

तुझी
साक्षी


वाडी
२३ नोव्हेंबर २०२५

साक्षे,

तुला स्वप्नंही कोर्टाचीच पडतात. लग्न कर म्हणजे बरी स्वप्नं पडतील.

कागदात लिहिलं होतं, "मच्छिंद्र यास गंजीकडून पळत जाताना पाहिले." वकिलांनी तेच मोठ्यानं वाचून विचारलं होतं, "असं सांगितलं होतंत की नाही?" मामंजी म्हणाले होते, "न्हाई. गंजीकडं." मला वाटलं, एवढाच फरक? तुझं पत्र आल्यावर मी त्यांना हेच विचारलं. ते बोलले नाहीत. ओट्यावर उभे राहिले, गंजी होती त्या जागेकडे हात लांब केला आणि तसाच धरून ठेवला.  मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कडं म्हणजे विझवायला. कडून म्हणजे पेटवून. एका अक्षरानं माणूस उलटा फिरवला!

दुपारी झोपेत मात्र बोलतात. काल म्हणत होते, "ये रे, ये, मच्छिंद्रा, बादली आण." जागे झाले की पुन्हा गप्प. मला कळतं त्यांना काय खातंय. त्यांनी हाक दिली, हा धावला, आणि धावला म्हणून अडकला. फितूर हा शब्द नंतरचा. आधीपासूनच त्यांना वाटत असणार की हाक दिलीच नसती तर पोरगं वाचलं असतं.

मच्छिंद्रची बायको, सरकारी साक्षीदाराचं घर म्हणून, आमच्या दारावरून जाते तेव्हा पदर ओढून घेते. शिवाजीभाऊंच्या घरचे बघतच नाहीत. दोन्हीकडून आम्हीच.

तुझी सुरेखा


नवीन जालना
१० डिसेंबर २०२५

प्रिय सुरेखा,

पत्ता बदलला. स्टेशनजवळ खोली घेतली आहे. खाली बियाण्यांचं दुकान, त्यामुळे जिन्यात औषधाचा वास असतो. पहाटेची गाडी निघाली की खिडकीची काच बारीक थरथरते आणि मी अर्धवट झोपेत गाडीबरोबर थोडी जाऊन परत येते.

बदलीची बातमी तुला इतर कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. तुमच्या तालुक्याच्या कोर्टातले सरकारी वकील बढतीवर गेले. त्यांच्या जागी मी.

तुझी
साक्षी


वाडी
१७ डिसेंबर २०२५

माझी सोन्यासारखी साक्षी,

पत्र वाचून मी अंगणात नाचले. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं, लाटरी लागली का?" मी म्हटलं, लागलीच म्हणा!

म्हणजे आता कागद तुझ्याच हातात. आपलंच माणूस. तू एकदा उभी राहून म्हण, काकासाहेब फितूर नाहीत. बस, एवढंच. मच्छिंद्रचंही बघ. मी मामंजींना सांगितलं, "मामंजी, साक्षी आलीय, आता बिलकुल काळजी करू नका." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच डोळ्यांत आशा दिसली.

संक्रांतीला इकडंच ये. तीळगूळ खा, आणि कोर्टात गोड काय बोलायचं ते मी शिकवते.

तुझीच
सुरेखा


नवीन जालना
२२ डिसेंबर २०२५

प्रिय सुरेखा,

संक्रांतीला येणार नाही. केस संपेपर्यंत वाडीला येणार नाही आणि या केसबद्दल तुला एक ओळही लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. साक्षीदाराची सून माझी मैत्रीण आहे आणि आपला पत्रव्यवहार आहे, हे मी वरिष्ठांना लेखी कळवलं आहे आणि कोर्टात दोन्ही बाजूंसमोर सांगितलं आहे. कुणाची हरकत आली नाही. पण "आपलं माणूस" हा शब्द कोर्टात चालत नाही, सुरेखा. मी तुझी म्हणून उभी राहिले तर माझ्या स्वप्नातल्या त्या बाकावर सरकारच्या जागी तुझी मैत्रीण बसलेली असेल.

रागावशील. रागाव.

दुसरं काय लिहू? इथं धुकं पडतं. स्टेशनच्या पलीकडचे दिवे धुक्यात फुगून मोठे होतात. परवा एस.टी.त पुन्हा तेच स्वप्न पडलं. या वेळी पट्टेवाल्याला आवाजच नव्हता. तो नुसता तोंड उघडत होता आणि बाकांवरचे सगळे कान देऊन बसले होते.

साक्षी


वाडी
१८ जानेवारी २०२६

साक्षी,

"प्रिय" मुद्दाम लिहिलं नाही.

परवा पोलीस जमादाराची साक्ष होती. तुला सांगितलं नव्हतं, पण मी आले होते, शेवटच्या बाकावर, तोंडाला रुमाल बांधून. मामंजींचा जबाब ज्यानं लिहिला तोच हा जमादार. तू त्याला तो कागद दाखवलास आणि विचारलंस, "हा जबाब तुम्हीच लिहिला? आणि जसा सांगितला तसाच लिहिला?" तो म्हणाला, "होय, बरोबर आहे." तू मान हलवलीस. बस. मी उठले आणि बाहेर आले. तिथं बसून माझ्या सासऱ्याला खोटं ठरवताना ऐकायला माझ्यात ताकद नव्हती.

मी त्यांना तुझ्या नावानं धीर दिला होता. आता त्यांच्या ताटात भाकरी वाढताना मी वर बघत नाही. तुझ्या वरिष्ठांना लेखी कळव की एका साक्षीदाराची सून आता तुझी मैत्रीण नाही, म्हणजे तुझी अडचण मिटेल.

तुझं धुकं तुलाच लखलाभ.

सुरेखा


नवीन जालना
२७ फेब्रुवारी २०२६

प्रिय सुरेखा,

काल निकाल लागला. आता लिहिता येतं.

तुझं शेवटचं पत्र मी खूपदा वाचलं. उत्तर लिहिलं असतं तर ते केसबद्दलच झालं असतं, म्हणून लिहिलं नाही. मला त्रास झाला. तो झाला हे सांगायलाही आजपर्यंत थांबावं लागलं.

तू जरा लवकर उठलीस.

जमादार बाहेरच्या जिल्ह्यातले, तेव्हा इकडं नवे होते. "बरोबर आहे" म्हणाले आणि तू गेलीस. मी पुढं विचारलं, "काकासाहेबांच्या तोंडचा शब्द कोणता होता? तुमचा नको, त्यांचा सांगा." ते म्हणाले, "गंजीकडं." मी विचारलं, "मग कडून का लिहिलं?" ते अगदी सरळपणे म्हणाले, "मॅडम, इकडचे लोक कडनं म्हणायचं तर कडं म्हणतात. मी शुद्ध करून लिहिलं." माणूस लबाड नव्हता. त्याला आपली भाषा सुधारून घ्यावीशी वाटली, एवढंच.

मी म्हटलं, "जमादारसाहेब, जरा माझ्याकडं बघा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "बराबर बघितलंत."

 मग कोपऱ्यातला कारकून खुदकन हसला आणि न्यायाधीशांनी त्याच्यावर डोळे वटारून स्वतःचं हसू फाईलमागं लपवलं. जमादारांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "हां. मंग चूकच झाली." त्यांचंही "मंग" आता इकडचं झालंय.

युक्तिवादाच्या दिवशी पट्टेवाल्यानं केस पुकारली, "सरकार विरुद्ध मच्छिंद्र" आणि मी उठले. माझं ते स्वप्न आठवतं ना? पुकारल्यावर कुणीच उठत नाही ते? सुरेखा, मी उभी राहिले तेव्हा मला वाटलं, माझ्यामागं सगळा बाक उठला. मी मागं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर नुसता बाक दिसला असता.

मी म्हटलं, "या पुराव्यावर सरकारला आरोपीसाठी शिक्षा मागता येत नाही. आणि ज्या साक्षीदाराला फितूर घोषित करा अशी विनंती सरकारनंच केली होती, तो काकासाहेब पहिल्यापासून खरं बोलला, हेही सरकारनंच सांगितलं पाहिजे." मच्छिंद्रच्या वकिलांना बोलायला काही उरलं नाही. ते बिचारे रात्रभर तयारी करून आले होते. निकालपत्रात न्यायाधीशांनी लिहिलं आहे की काकासाहेबांची साक्ष सहज आणि विश्वासार्ह आहे. मच्छिंद्र सुटला. आग कशी लागली ते सिद्ध झालं नाही. वाऱ्यानं त्या गंजीवरच्या तारा एकमेकींना घासायच्या, एवढंच पुढं आलं.

हे मी तुझ्यासाठी केलं नाही. तुझं सासर दुसऱ्या टोकाला असतं तरी हेच केलं असतं. तुला हे टोचेल, पण मामंजींना चालेल. मैत्रिणीनं दिलेला दाखला कुणी मानला नसता.

बाहेर शिवाजीभाऊ उभे होते.  म्हणाले, "म्याडम, गंजी माझी जळाली. तुम्ही वकील कोणाचे?" मी म्हटलं, "तुमची. आणि त्याचीही. गंजी कशानं पेटली ते मला सांगता आलं नाही, याचं मला वाईट वाटतं. पण विझवायला धावला त्याला आत टाकून ते कळणार आहे का?" ते गाड्या लावायच्या जागेकडं निघाले, पुन्हा वळले. मग विचारलं, "काकासाहेब बोलून राह्यले का न्हाई अजून?"

मी म्हटलं, मला माहीत नाही. मला खरंच माहीत नाही, सुरेखा. तू कळवशील का?

तुझी (तू म्हणशील तर)
साक्षी


वाडी
८ मार्च २०२६

माझी साक्षी,

मी गाढव आहे. हे एकदाच लिहिते, जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही. मी उठले ते उठले, वर तुला पत्रातून चपराकही मारली! आता माझ्या हातची पुरणपोळी खायला ये आणि मला चार शिव्या घाल. पोळी खाताना शिव्या नीट देता येत नाहीत, तेवढा माझा फायदा.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र आमच्याकडं आला. मामंजींच्या पाया पडला आणि निकालपत्रातली ती ओळ वाचून दाखवली. मामंजींनी ऐकून घेतली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बोलले नाहीत. मला वाटलं, झालं, आता हे असंच. शब्द आले पण माणूस यायचा राहिला.

मग तुझं पत्र आलं. मी ते ओट्यावर बसून त्यांना सगळं वाचून दाखवलं. "माझ्याकडं बघा" तिथं आले तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, म्हटलं रडतायत. बघते तर हसत होते! आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तुझ्यासाठी केलं नाही, ही ओळ मी गाळणार होते. पण वाचली. तिथं त्यांनी मान हलवली, अशी की जणू तेवढंच ऐकायचं होतं.

आज सकाळची गोष्ट. मामंजी पारावर जाऊन बसले होते, नुसतेच. ऊन अजून कोवळं होतं, चुलींचा धूर खाली उतरलेला, सगळी वाडी त्या धुरात तरंगल्यासारखी. समोरून शिवाजीभाऊ आले. माझ्या हातातला झाडू थांबला. ते पारापाशी उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली. माफी वगैरे काही नाही. म्हणाले, "काकासाहेब, नळाला पाणी आलंय. कवाचं आलंय. बाया झोपून राह्यल्या. द्या की हाक."

मामंजी उठले. खोकले. पहिल्यांदा नुसती हवा निघाली, तुझ्या स्वप्नातल्या पट्टेवाल्यासारखी. शिवाजीभाऊंनी खाली मान घातली. आणि मग आली गं, साक्षी. "पाणी आलं होऽ!" देवळावरची कबुतरं उडाली. माझ्या सासूबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी पदर तोंडात धरला. घराघरांतून भांडी वाजायला लागली.

मच्छिंद्रच्या अंगणात त्याचा स्वतःचा नळ आहे. तरी सगळ्यांच्या आधी तोच आला, बादली घेऊन धावत.

पाराकडं. नीट लिहून घे, सरकार.

तुझीच
सुरेखा